नाताळाआधी उघडू नये

बोट तीन दिवस उशिरा आली, आणि तिच्यातून
गिडियनच्या घरचं खोकं.
व्हॅलेन्सियाहून. लेकाचं अक्षर, निळी शाई:
नाताळाआधी उघडू नये.

मी टपाल वाटते. पत्ता वाचणं माझं काम,
त्याखालचं वाचणं ही खोड.
बावीस घरं, चार मैल, एकच रस्ता,
आणि बेटावर नाताळ किती, ते मोजणं मी सोडलंय.

गिडियनचा सहा जानेवारीला.
त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात, लंडनच्या सरकारनं
एका रात्रीत अकरा दिवस गिळले
आणि ढेकरही दिला नाही.
मेंढ्यांना ते कुणी कळवलं नाही, समुद्रालाही नाही,
मग आपणच का मान डोलवायची?
म्हणून या घराचं यूल अजून जुन्याच दिवशी येतं,
उशिरा, आणि माफी न मागता.

त्याची बायको मर्डिना लुईस बेटावरची.
तिच्या माहेरी पंचवीस तारखेला कपडे धुवायचे, मुद्दाम,
दोरी रस्त्यावरून दिसेल अशी.
"पुस्तकात तारीख आहे? दाखव मला.
मेंढपाळ रात्री रानात होते म्हणे.
डिसेंबरात? मेंढ्या पाळलेल्या माणसानं नाही लिहिलं हे कॅलेंडर."
देवानं सहा दिवस कामाचे दिले, एक विसाव्याचा.
आठवा कुणी घुसडला?

शाळेतला थोरफिन मास्तर त्याच्याही मागे जातो.
त्याच्या मते हा सगळा अंधाराचा हिशेब:
सकाळी नऊला कसाबसा उगवून तीनला मावळणारा सूर्य
परत येतो की नाही, या धास्तीनं पेटवलेल्या शेकोट्या.
येशू नंतर आला, थंडी वाजली म्हणून, शेकायला.
हे तो दरवर्षी सांगतो. आणि दरवर्षी
चर्चमधल्या गाण्यात सर्वांत खालचा सूर तोच लावतो,
डोळे मिटून.

मासळीच्या शेडमध्ये सोलोमिया आहे, तेर्नोपिलजवळची.
तिच्या देशात हल्लीच सण तेरा दिवस अलीकडे आणला.
तिनं मानलं. आईनं नाही.
फोनवर त्या भांडत नाहीत.
एकीचं जेवण झालेलं असतं, दुसरीचा उपास चालू, इतकंच.
ताट मात्र दोघीही एक जास्तीचं मांडतात,
एकाच माणसासाठी.
तो कुठल्या तारखेला येतो, मी विचारलं नाही.

तर ते खोकं.
गिडियन म्हणाला, सहा तारखेपर्यंत हात लावायचा नाही.
मर्डिना म्हणाली, जो दिवस मुळात नाहीच
त्याच्याआधी म्हणजे नेमकं कधी?
लेकाला विचारावं, तर लेक फोन उचलेना.
चौथ्या दिवशी मी दारात पोचले
आणि खोक्याचा वास माझ्याआधी अंगणात उभा होता:
संत्री. आणि त्या वासाच्या तळाशी, किंचित,
बुरशी.

मर्डिनानं कात्री घेतली.
"काही वाया जाऊ देऊ नका. हे मात्र पुस्तकात आहे."
मंगळवार होता, कुणाचाच सण नसलेला.
अकरा गेलेली निघाली, ती बादलीत.
गिडियन खिडकीबाहेर बघत राहिला, मग वळला,
चांगल्यातली सहा निवडली,
एकेक वर्तमानपत्रात गुंडाळली,
आणि न बोलता माळ्यावर ठेवून आला.
ती बघत होती. तीही बोलली नाही.

मला दोन मिळाली.
एक सोलोमियाच्या पायरीवर ठेवलं, चिठ्ठीशिवाय.
दुसरं कड्याशी गाडी थांबवून खाल्लं.
सूर्य समोरच बुडत होता, पण उपमा मी देणार नाही,
ते थोरफिनचं खातं.
बोटं बधिर, साल सुटेना,
शेवटी दातांनी सोललं.
आंबट होतं. बियाच बिया.
एकेक वाऱ्यावर थुंकत बसले.

मागच्या सीटवर अजून नऊ खोकी होती.
सहांवर तीच सूचना.